तांडेलांच्या विहिरीवरचे डास

मी सगळी नोकरी डास धरण्यात घालवली. मारण्यात नव्हे, धरण्यात. मारायला काय, दोन हात असलेला कोणीही मारतो. कागदोपत्री माझा हुद्दा 'कीटक समाहारक' असा भारदस्त होता, पण तो समजावून सांगेपर्यंत समोरच्याचा चहा निवायचा. माझं लग्न जमवताना आमच्या मामांनी 'मुलगा आरोग्य खात्यात आहे' एवढंच सांगितलं आणि पुढचा प्रश्न येण्याआधी पोह्यांची बशी पुढे सरकवली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत सुनंदाने मला वाणगावच्या घरात, माजघराच्या भिंतीवरचा डास काचेच्या नळीत ओढताना पाहिलं.

"हे रोजचं आहे?" तिने विचारलं.

"पगार ह्याचाच आहे," मी म्हटलं.

ती आत गेली. पुढे तिने हा संसार छान निभावला. त्याचं श्रेय मी तिला इथे जाहीरपणे देतो, कारण घरात दिलं तर ती आधी 'आज काय हवंय' असं विचारते.

आता हे काम म्हणजे नेमकं काय, ते सांगतो. एक काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी आणि दोन्हींच्या मध्ये बारीक जाळीचा तुकडा. रबरी टोक तोंडात धरायचं, काचेचं टोक भिंतीवर बसलेल्या डासापाशी न्यायचं आणि अलगद श्वास ओढायचा. डास नळीत येतो आणि जाळीला अडतो. जाळी फाटलेली असली तर तोंडात येतो. त्याची चव कृपा करून विचारू नका. काम पहाटेचं. माणसाला चावते ती फक्त मादी, आणि रात्री रक्त पिऊन जड झालेली ती मादी सकाळी भिंतीवर, टांगलेल्या कपड्यांमागे नाहीतर खाटेखाली बसून ते पचवत असते. त्यामुळे लोक अंथरुणात असतानाच मला त्यांच्या घरात शिरावं लागे. पालघरपासून तारापूरपर्यंतच्या पट्ट्यात कितीतरी माणसांना मी त्यांनी तोंड धुण्याआधी पाहिलेलं आहे. कोण घोरतो, कुणाचं रात्री वाजलंय, कुणाची खाट वेगळ्या खोलीत गेलीय, सगळं दिसायचं. मी कधी बाहेर बोललो नाही, म्हणून तर दारं उघडत राहिली.

हिवतापाचा डास ओळखायला सोपा आहे. बाकीचे डास भिंतीला समांतर बसतात. हा बूड वर करून तिरका बसतो आणि त्याच्या पंखांवर ठिपके असतात. त्याच्या अळ्याही वेगळ्या. बाकीच्यांच्या अळ्या पाण्यात डोकं खाली करून लोंबतात, ह्याच्या पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आडव्या पडलेल्या असतात. आणि आवड म्हणाल तर त्याला स्वच्छ पाणी लागतं. हे लोकांना अजिबात पटत नाही. ताप आला की सगळे गटाराकडे बोट दाखवतात आणि धुराची गाडी मागवतात. धुराची गाडी आली की समाधान वाटतं, फोटोही चांगला येतो. धूर विरला की डास परत आपल्या जागी येऊन बसतात.

बोईसरला एका इमारतीचं काम चालू होतं, तिथला ठेकेदार मला छाती पुढे काढून म्हणाला होता, "साहब, अपने यहाँ गटर ही नहीं है, मच्छर कहाँ से आएगा?" त्याच्या मागे पत्र्याच्या खोलीत एक मजूर सगळ्या सोबत्यांच्या चादरी अंगावर घेऊन थडथडत होता. पत्रा तापलेला, बाहेर घाम निथळत होता, आणि ह्याचे दात वाजत होते. त्याचा जोडीदार सांगत होता, "परसों भी इसी टाइम काँपा था साहब. कल तो बिलकुल ठीक था, काम पे भी गया." मी ठेकेदाराला लिफ्टच्या खड्ड्यापाशी नेलं. खड्ड्यात पावसाचं पाणी साठलेलं, इतकं नितळ की तळाचे खिळे दिसत होते. माझ्याकडे वाढायच्या ओगराळ्यासारखा लांब दांड्याचा पांढरा डाव असतो. तो बुडवून मी त्याच्या नाकासमोर धरला. पांढऱ्यावर काळ्या अळ्या आडव्या पसरलेल्या. तो म्हणाला, "पर पानी तो साफ है!" त्याच्या पाण्याचा मी काही अपमान केल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. खड्डा मात्र त्याने त्याच दिवशी उपसला.

त्या मजुराच्या अंगात काय चाललं होतं, तेही सांगतो. मला आमच्या डॉक्टरांनी सांगितलं तसं. डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेबरोबर हिवतापाचे जंतू आपल्या रक्तात येतात आणि थेट यकृत गाठतात. तिथे ते गुपचूप वाढतात, आपल्याला पत्ता नसतो. काही दिवसांनी ते बाहेर पडतात आणि रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात. पेशी आतून खातात, एकाचे अनेक होतात आणि मग त्या सगळ्या पेशी साधारण एकाच वेळी फुटतात. त्या वेळी हिव भरतं, मग ताप चढतो, मग घामाने अंथरूण भिजतं आणि माणूस उठून चहा मागतो. त्याला वाटतं, बरा झालो. तेवढ्यात नव्या जंतूंनी नव्या पेशी धरलेल्या असतात आणि एक दिवस आड करून पुन्हा तेच. असं चालू राहिलं की माणूस पांढराफटक पडतो. ह्या तापाचा एक भाऊ आहे, तो तर मेंदूवर जातो आणि वेळेत औषध मिळालं नाही तर माणूस हातचा जातो. आमच्याकडे जो जास्त दिसतो त्याची खोड वेगळी आहे. ताप उतरला तरी त्याचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी उठतात. त्या झोपलेल्यांना मारायला दोन आठवड्यांच्या वेगळ्या गोळ्या असतात. ताप गेल्यावर त्या गोळ्या घेणारा माणूस म्हणजे आम्हाला देवासारखा वाटायचा.

डासाची बाजूही सांगायला हवी, कारण मी त्याच्यावर पोट भरलं आहे. डास जन्माला येतो तेव्हा त्याच्यात हिवताप नसतो. तो त्याला माणसाकडून मिळतो. आजारी माणसाला चावलेल्या मादीच्या पोटात ते जंतू वाढतात, आठवडा-दोन आठवड्यांत लाळेत येतात आणि मग ती दुसऱ्याला चावली की त्याला देते. म्हणून ताप पसरायला दोन्ही लागतात, डासही आणि ज्याच्या रक्तात जंतू आहेत असा माणूसही. ह्यातलं एक जरी काढून घेतलं तरी साखळी तुटते. ह्या एका गोष्टीवर मी इतकी वर्षं आशा धरून काम केलं. निवृत्तीनंतर माझी नळी अजून कुणी हातात घेतलेली नाही, ह्याचं वाईट वाटतं.

मला मात्र सांगायची आहे ती नवापूरच्या हिराजी तांडेलांच्या घरची गोष्ट. माझ्या नोकरीच्या अखेरच्या दिवसांतली आहे.

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. हिराजी तांडेलांचं सगळं आयुष्य दर्यावर गेलेलं. माणूस आडवा, आवाज असा की किनाऱ्यावरून हाक मारली तर बोटीतल्या माणसाने मागे वळावं. घर समुद्राजवळ, मागे नारळाची वाडी आणि वाडीत एक विहीर. तिचं पाणी जरा मचूळ, प्यायला नाही, पण धुण्याला आणि झाडांना चालायचं. घरात तांडेल, बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी त्यांची बायको, मुलगा नितेश आणि सून हर्षला. आदल्या पावसाळ्यात नितेश आणि हर्षला दोघांनाही हिवताप झाला. हर्षलाला तेव्हा पाचवा महिना होता. पोटुशी बाईला हा ताप फार महाग पडतो. तिचं रक्त दोघांना पुरवायचं असतं आणि पेशी फुटून तेच कमी होतं. तिचं मूल पोटातच गेलं. दवाखान्यातून घरी आल्यावर ती कितीतरी दिवस वाडीत जाऊन बसायची, आणि तांडेल ओसरीवर बसून तिच्याकडे न बघता जाळं विणत राहायचे, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं.

पुढच्या ज्येष्ठात तांडेल स्वतः आरोग्य केंद्रात आले. बोटी वर ओढलेल्या होत्या, मासेमारी बंद होती. माझ्या टेबलासमोर उभे राहिले आणि त्यांच्या मानाने हळू आवाजात म्हणाले, "भाऊ, सून परत पोटुशी हाय. यंदा आमच्या घरात एक डास नको."

"तांडेल, एकही डास नको हे मला देवाकडेही मागता येणार नाही," मी म्हटलं, "पण हिवतापाचा डास जिथे वाढतो ती जागा बंद करू."

दुसऱ्याच दिवशी मी गेलो. खोलीला मच्छरदाणी दिली, पिंपांना कापड बांधलं आणि वाडीतल्या विहिरीत गप्पी मासे सोडले. गप्पी मासा डासांच्या अळ्या खातो, त्याला भराभर पिल्लं होतात, आणि वरून काही खायला घालावं लागत नाही. तांडेलांनी माझ्या डब्यात वाकून पाहिलं. जन्मभर घोळ आणि सुरमई धरलेला माणूस. त्या नखाएवढ्या माशांकडे पाहून त्यांच्या मिशा हलल्या.

"ही मासळी?"

"हीच."

"बाजारात नेली तर आमची बाय मला टोपलीखाली झाकून ठेवील," ते म्हणाले. पण विहिरीच्या काठावर बसून बराच वेळ पाण्यात बघत राहिले.

मग बोईसरला साथ आली आणि माझी नेमणूक तिकडे झाली. आषाढ-श्रावण मी कामगारांच्या खोल्यांमधून फिरत होतो. नवापूरला परत गेलो ते गणपती उठल्यावर, आमच्या डॉक्टर मॅडमच्या फोनमुळे. मॅडम वयाने लहान, पण कामाला पक्क्या. त्यांनी एवढंच सांगितलं, "मामा, हर्षलाला हिवताप आहे. सहावा महिना संपत आलाय. मी गोळ्या सुरू केल्यात. पण आजूबाजूच्या घरांत एकालाही ताप नाही. ह्याच घरात का, ते मला शोधून द्या. ती बरी झाली आणि पुन्हा झाला, तर तिच्या अंगात तेवढं रक्त नाही."

मी पहाटे पोचलो. तांडेलीणबाईंनी दार उघडलं. एरवी माझी थट्टा केल्याशिवाय त्या चहा देत नसत. त्या दिवशी नुसत्या बाजूला झाल्या. "आत हाय ती. तुमी या," म्हणाल्या. हर्षला मच्छरदाणीत उशीला टेकून बसली होती. ओठ पांढरे, डोळे मोठे झालेले. मी बॅटरी घेऊन भिंती बघायला लागलो. दारामागे खुंट्यांवर नितेशचे शर्ट टांगलेले होते. एक शर्ट उचलला, आणि मागे भिंतीवर ती बसलेली. बूड वर, तिरकी, पोट लालभडक. शेजारी दुसरी. मी श्वास ओढला, दोन्ही नळीत आल्या.

"भाऊ, गावला काय?" हर्षलाने विचारलं.

"गावली. मादी आहे. अंडी घालायची म्हणून तिला रक्त लागतं."

ती नळीकडे बघत राहिली. "म्हंजे तीबी पोटुशीच," म्हणाली आणि हसली. हसता हसता तिचे डोळे भरले. "तिला सांगा, मला माजं एक तरी ऱ्हाऊं दे."

 मी शर्ट झटकून बाजूला ठेवायला लागलो. एका जुन्या शर्टाच्या खिशातून गोळ्यांचं पाकीट खाली पडलं. झोपलेल्या जंतूंवरच्या त्याच गोळ्या, आदल्या वर्षीच्या, जवळजवळ सगळ्या शिल्लक. नितेश दारात उभा होता.

"नितेश, ह्या घेतल्या नाहीस?"

"ताप उतरला होता," तो म्हणाला. "मंग बोट निंगाली."

"आणि ह्या पावसाळ्यात ताप आला होता?"

"आषाढात कसर आलती. मेडिकलमधून गोळी घेतली, बरं वाटलं." तो आईकडे बघेना, बायकोकडेही बघेना.

हर्षलाने तिच्या गोळ्या गेल्या वर्षी पुऱ्या घेतल्या होत्या, म्हणजे माणूस सापडला. आता डास कुठून येत होते, ते बघायचं होतं. पण विहिरीत तर मी मासे सोडले होते. मी डाव आणि दोरी घेऊन वाडीत गेलो. तांडेल माझ्या मागे आले. डाव वर काढला. आडव्या अळ्या, गच्च. पुन्हा बुडवला, तेच. गप्पी मासा एक नाही. इतक्या दिवसांत त्यांनी विहीर पिल्लांनी भरून टाकायला हवी होती.

"तांडेल, मासे कुठे गेले?"

"हायत की," ते म्हणाले. "आनी त्यांच्या जोडीला मी दुसरेबी सोडलेत."

"दुसरे कुठले?"

त्यांचा चेहरा उजळला. किती दिवस हे सांगायची वाट बघत असावेत. "जिताड्याची पिल्लं! खाडीत जाळ्यात आलती, चार. जिती आनली बादलीतून. आता बगा, वीतभर झालीत. तुमची ती नखाएवढी मासळी, भाऊ, ती काय राखन करील? डासांची फौज केवडी! मी म्हटलं, सुनेसाठी जरा तगडे गडी ठेवूया."

मी डाव खाली ठेवला. रागवावं की हसावं ते कळेना. मी फक्त विचारलं, "तांडेल, जिताडा काय खातो?"

कुठला मासा कुठे फिरतो आणि काय खातो, हे ह्या माणसाला विचारायला लांबलांबचे लोक येत. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "बारकी मासळी."

खाली पाण्यात काहीतरी रुपेरी चमकलं आणि गेलं. तांडेल विहिरीच्या कठड्यावर बसले. जन्मात एकदाही मासळीच्या बाबतीत फसला नसेल असा माणूस, आणि फसला तो मासळीवरच्या विश्वासापायी. ही चूक आमच्या वाणगावच्या मिरची पिकवणाऱ्या शेतकऱ्याने केली नसती, कारण त्याने जिताडा जिवंत आणलाच नसता. दर्यावरचा माणूसच अशी चूक करू शकतो, आणि तीही सुनेच्या मायेने. 

घरातून खाटेचा आवाज यायला लागला. गोळ्या आदल्या दिवशीच सुरू झाल्या होत्या, तरी हर्षलाला त्या सकाळी पुन्हा हिव भरलं. वाडीत आम्हाला तिचे दात वाजलेले ऐकू येत होते. तांडेलीणबाईंनी होतील तेवढ्या गोधड्या तिच्या अंगावर घातल्या. तांडेल उठले, घराकडे दोन पावलं गेले आणि परत येऊन बसले.

"मीच केलं म्हना की," ते म्हणाले.

मी त्यांना समजावलं. नुसत्या विहिरीने ताप येत नाही, नुसत्या नितेशच्या रक्तानेही येत नाही, दोन्ही जमून आलं. मॅडम आहेत, औषध आहे, वेळेत कळलं आहे. ते माझं ऐकत होते, पण पाण्याकडे बघत होते.

जिताडे काढायचं काम मात्र मी विसरणार नाही. तांडेलांनी हातजाळं आणून टाकलं. अरुंद विहिरीत ते उघडेचना, घडी होऊन बुडालं. गळ टाकला, गप्पी मासे खाऊन सुस्तावलेले जिताडे त्याला हुंगेनात. शेजारपाजारचे जमले, प्रत्येकाने युक्ती सांगितली. सुनेचं हिव ओसरल्यावर बाजारात गेलेल्या तांडेलीणबाई दुपारी परत आल्या. त्यांनी टोपली खाली ठेवली आणि कमरेवर हात देऊन म्हणाल्या, "अख्ख्या दर्यात नाव हाय म्हनं ह्या बाप्याचं! घरच्या बावीतली चार जिताडं धरवत नाय!" लोक खदखदून हसले. मी बघितलं तर मागच्या दारात शाल पांघरून हर्षला उभी होती. ताप उतरला होता. तीही हसत होती, आणि तिला हसताना बघून तांडेलांनी पंप लावायला सांगितला.

पाणी उपसलं तेव्हा तळाच्या गाळात चारही जिताडे सापडले. कुणीतरी म्हणालं, आता कालवण होऊ द्या. तांडेलांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो घरी गेला. बादली उचलून ते स्वतः खाडीवर गेले आणि चारही सोडून आले. "त्यांनी त्यांचं काम केलं," एवढंच म्हणाले.

विहिरीत नवं पाणी चढलं तसे मी पुन्हा गप्पी मासे सोडले, आणि तोंडावर बारीक विणीची जाळी बसवली. ती जाळी तांडेलांनी विणली. जाळं विणण्यात तरी कोणी त्यांना शिकवायला जाणार नव्हतं. नितेशच्या रक्ताची मॅडमनी तपासणी केली आणि दोन आठवड्यांच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. त्याची बोट निघायची होती. आईने जाऊ दिलं नाही. "दर्यावर गेलास की गोल्या दर्यातच जातील," म्हणाली, आणि रोज समोर बसवून, जीभ बाहेर काढायला लावून गोळी गिळल्याची खात्री करून घेतली. हर्षलाला मात्र त्या गोळ्या देता येत नव्हत्या. पोटात बाळ असताना त्या चालत नाहीत. तिच्या यकृतातले जंतू झोपलेले राहणार, उठले तर पुन्हा ताप येणार, म्हणून मॅडम तिला सारखं बोलावून रक्त तपासत होत्या. रक्तवाढीच्या गोळ्या, मच्छरदाणी, आराम. बाळ जरा लहान आहे, असं सोनोग्राफीत दिसलं. आम्ही कोणी ते तांडेलांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. पूर्वी आरोग्य केंद्रात आले की सुनेची चौकशी करायचे, ते बंद झालं. बोट घेऊन निघून जायचे, परत आले की ओसरीवर बसायचे.

मधल्या काळात मी दर काही दिवसांनी पहाटे त्या खोलीत जायचो. दारामागची भिंत, खाटेखाली, शर्टांमागे. तिरका बसलेला एकही डास नाही. विहिरीत डाव बुडवला की फक्त गप्पी माशांची पिल्लं पळायची. रिकामी नळी घेऊन परतताना मला इतकं बरं वाटलेलं एरवी आठवत नाही. कामात यश आलं की माझ्या हाताला काहीच लागायचं नाही, असा हा आमचा विचित्र धंदा.

मार्गशीर्षात, दिवस भरायला थोडा अवकाश असताना, हर्षलाला पालघरला सरकारी दवाखान्यात नेलं. मी कामासाठी तिथेच होतो, म्हणून थांबलो. सकाळी मुलगी झाली. वजनाने बेताची, पण रडली खणखणीत. तांडेलीणबाईंनी तिला घेतलं, मग नितेशने. एवढ्यात तांडेल बोटीवरून थेट आले, अंगावर तेच कपडे, मासळीचा वास. बायको मुलीला घेऊन पुढे झाली, तर ते दोन पावलं मागे सरले.

"आदी तिचं रगत बगा," म्हणाले.

आईला हिवताप होऊन गेला होता, म्हणून डॉक्टरांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब आधीच घेतला होता. काचपट्टी प्रयोगशाळेत गेली होती. तांडेल बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसले.  मग समोर बघतच म्हणाले, "भाऊ, गेल्या साली जे गेलं ते देवानं नेलं म्हनून गप बसलो. ह्या पोरीला काय झालं असंल तर ते माज्या हातचं. मी तिला कसं घेऊ?"

 ताप पसरायला डास आणि माणूस दोन्ही लागतात, हे माझं त्यांना एकदा सांगून झालं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही प्रयोगशाळेच्या दाराकडे बघत बसलो. आत तंत्रज्ञ मुलगी सूक्ष्मदर्शकावर वाकलेली दिसत होती. काचपट्टी थोडी सरकवायची, बघायची, पुन्हा सरकवायची. घाई करत नव्हती. तिने करूही नये. पण मला बसवेना.

ती बाहेर आली. "काही नाही, मामा."

तांडेल उठून उभे राहिले. "काय नाय म्हंजे?"

"म्हणजे बाळाच्या रक्तात जंतू नाहीत. मी पूर्ण बघितलं. आईचंही बघितलं, तिच्यातही नाहीत."

तांडेलांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "पोर ठणठणीत आहे, तांडेल," मी म्हटलं.

 व्हरांड्याच्या टोकाला नळ होता, तिथे तांडेल गेले. साबणाचा तुकडा होता तो घेतला आणि कोपरापर्यंत हात धुतले, वास घेतला, पुन्हा धुतले. आतून हर्षलाने त्यांना बघितलं असावं.

"बाबा, या आता," तिने हाक मारली. "मासळीचा वास तिला आज ना उद्या येनारच हाय."

त्यांनी हात शर्टाला पुसले. आत गेले, खाटेपाशी उभे राहिले आणि दोन्ही हात पुढे केले.